नववीचे निकालपत्रक

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला त्या दिवशी आम्ही नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. स्मरणिकेत शिक्षकाने काय लिहावे याची एक रीत पडून गेली आहे. संस्थापकांच्या कष्टांचे स्मरण करावे, पत्र्याच्या शेडमध्ये भरलेल्या पहिल्या वर्गाचे वर्णन करावे, मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांचा अभिमानाने उल्लेख करावा. ते सारे आमचे सहकारी आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही समोरच्या गठ्ठ्याविषयीच लिहायचे ठरवले. शाळेच्या प्रवेशद्वारावर दरवर्षी फलक लागतो तो दहावीच्या निकालाचा. परंतु तो निकाल पुष्कळदा एक वर्ष आधीच, नववीच्या निकालपत्रकावर लिहिला गेलेला असतो.

ज्यांना शाळेचा आतला कारभार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. पहिली ते आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवू नये, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने ठरवले आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा अंमल सुरू झाला. पुढे २०१९ मध्ये केंद्राने त्यात दुरुस्ती केली व २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वर्षअखेरीची परीक्षा व अनुत्तीर्णांना पुनर्परीक्षा अशी तरतूद केली. दुसऱ्या टोकाला दहावी. तिची प्रश्नपत्रिका, केंद्र, परीक्षक सारे मंडळाचे. या दोहोंच्या मधली नववी मात्र संपूर्णपणे शाळेच्या हाती असते. प्रश्नपत्रिका आम्हीच काढतो, आम्हीच तपासतो आणि ३५ गुणांची रेघही आम्हीच ओढतो. म्हणून ज्या शाळेला शंभर टक्क्यांचा फलक हवा असतो, ती आपला विळा नववीत चालवते. दहावीत पडण्याची शक्यता असलेली पाच-दहा मुले नववीतच अडवली, की पुढल्या जूनमध्ये पेढे वाटायला शाळा मोकळी.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात शिक्षकांच्या खोलीत या प्रकाराला एक शब्द रूढ आहे: गाळप. ‘यंदा नववीचे गाळप किती?’ असे एकमेकांना हसत विचारले जाते. आम्हीही हसलो आहोत.

आम्ही या विद्यालयात येण्यापूर्वी जिल्ह्यातील दुसऱ्या एका शाळेत होतो. सेवेत येऊन आठ-नऊ वर्षे झाली होती, एम.ए.ची पदवी ताजी होती आणि आपण गुण देण्यात कोणाचीही भीड ठेवत नाही याचा थोडा तोराही होता. त्या वर्षी नववीच्या वर्गात पाथर्डीकडचा एक मुलगा होता. आई-वडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाची टोळी निघे आणि हा मुलगा हजेरीपटावरून नाहीसा होई. पट्टा पडल्यावर मार्चच्या अखेरीस हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे घेऊन परत येई. आमच्या प्रश्नपत्रिकेत सहकार चळवळीवर चार गुणांची एक टीप होती. प्रवरानगरचा कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, सभासद शेतकरी आणि भागभांडवल एवढे उत्तर आम्हाला अपेक्षित होते. या मुलाने दीड पान लिहिले होते. रात्री-अपरात्री गाडी भरायला कसे उठावे लागते, काट्यावरचे वजन मुकादमाच्या वहीत कसे उतरते, नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरला जातो, आणि उचल फिटली नाही तर पुढल्या हंगामात त्याच मुकादमाकडे परत का जावे लागते. शुद्धलेखन वाईट होते. एकही सनावळी नव्हती. आम्ही चारपैकी एक गुण दिला. आमच्या विषयात तो तीन गुणांनी गेला. गणितात व इंग्रजीतही गेला होता.

निकालाच्या सभेत त्याचे नाव आले तेव्हा कोणी वाद घातला नाही. ‘ठेवा, दहावीत तो आपल्याला खाली आणील,’ असे कोणीतरी म्हणाले आणि आम्ही सही केली. जूनमध्ये तो आला नाही. पुढल्या दिवाळीनंतर नेवाशाच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या टायरगाडीपुढे बैलांच्या जोडीने चालताना तो आम्हाला दिसला. त्याने ओळखले आणि मान खाली घातली. मान आम्ही घालायला हवी होती.

इतिहासाच्या शिक्षकाने चळवळीचे साधन समोर आले असता ते ओळखू नये, यापेक्षा मोठी नापासी कोणती? सहकाराचा इतिहास आम्ही सभासदांच्या बाजूने शिकवत होतो आणि तोडणाऱ्याने लिहिलेली बाजू हातात आली तेव्हा तिला चारपैकी एक गुण दिला होता.

गुणांविषयी बोलताना आपल्या समाजात एक आकडा सांगितला जातो. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या हिशेबाने ३७.६ टक्के. आजच्या एखाद्या फलकप्रेमी शाळेने त्यांना नववीत अडवले असते, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात, मग गप्प होतात. पण हा आकडा एवढ्यावरच सोडणे बरोबर नाही. त्यामागचे वेळापत्रकही सांगावे लागते. परळच्या चाळीतील एक खोली, तीत सारे कुटुंब. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून सुभेदार रामजी त्याला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता उठवीत. संस्कृत शिकायचे होते; ते नाकारले गेले म्हणून फारसी घ्यावी लागली. हे सर्व त्या २८२ मध्ये मिळवून मग बेरीज केली पाहिजे. त्या वेळच्या समाजाने ती केली. या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भीमरावांच्या हाती दिले. आमच्या विद्यालयाची सकाळ ज्या वंदनेने सुरू होते तिची एक वाट सदतीस टक्क्यांच्या त्या सत्कारातून आलेली आहे.

मात्र बाबासाहेबांना कमी गुण होते म्हणून गुणांना अर्थ नाही, असा सोयीचा निष्कर्ष जे काढतात त्यांच्याशी आमचे जमत नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले, की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. त्यांचा रोख मुलांच्या बुद्धीवर नव्हता. मुले शाळेत टिकतील एवढा खर्च सरकार करत नाही, यावर होता. मुलगा वर्गात राहिला पाहिजे आणि वर्गात राहून शिकलाही पाहिजे. पहिले झाले की दुसरे आपोआप होते असे समजून आठवीपर्यंत वर्गोन्नतीचे शिक्के मारले गेले. कायद्यात त्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही होते. पण प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या भरल्या गेल्या आणि मुले रिकामी राहिली. नववीत आलेल्या मुलाला मराठीचा परिच्छेद अडखळत वाचताना आम्ही दरवर्षी ऐकतो. त्याला मागे ठेवणे हा जसा अन्याय, तसे काही न शिकवता पुढे ढकलणे हीसुद्धा फसवणूक आहे. फरक इतकाच, की दुसऱ्या प्रकारात कोणाला सही करताना हात जड होत नाही.

अंतर्गत गुणांचे तसेच आहे. भाषा आणि समाजशास्त्र या विषयांत शाळेच्या हाती असलेले २० गुण मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत काढून घेतले गेले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल एकदम ७७.१० वर उतरला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच होऊ शकला नव्हता व त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २०१९ ला नवा अभ्यासक्रम होता, हे कारणही खरे. तरी मधल्या वर्षाने आपल्या सर्वांच्या तोंडी परीक्षांवर एक शेरा मारला, तो आम्ही शिक्षकांनी मुकाट्याने वाचला. जी तोंडी परीक्षा मुलाला न बोलवताच आटोपते आणि सर्वांना वीसपैकी अठरा देते, ती शेवटच्या बाकावरच्या मुलाचे कल्याण करते असे मानणे भाबडेपणाचे आहे. अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत ते अठरा कामाला येत नाहीत.

आणि मग २०२१ आले. दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल कशावर लावायचा? सूत्र ठरले ते असे: दहावीच्या वर्षातील अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० गुण, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे २० आणि नववीच्या अंतिम निकालाचे ५०. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. ज्या नववीच्या निकालपत्रकाकडे शाळेबाहेर कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याला एकदा तरी निम्मे वजन मिळाले. जुन्या फडताळातून ती पत्रके काढून बेरजा करताना आम्हाला त्या पाथर्डीच्या मुलाची आठवण होत होती.

शिकणाऱ्याच्या दिवसाकडे पाहून शाळेचे घड्याळ लावावे, हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. जोतीरावांनी आपल्या याच नगरातील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु दिवसा राबणाऱ्यांसाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये रात्रशाळाही काढली होती, हे फारसे सांगितले जात नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी परीक्षेविषयीही एक मागणी केली आहे. खासगी अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसू देते तसेच बी.ए., एम.ए.च्या परीक्षांनाही बसू द्यावे, म्हणजे पुष्कळ तरुण घरी अभ्यास करून शिकतील, असा त्यांचा मुद्दा होता. वर्गात बसण्याची ऐपत नसलेल्यालाही परीक्षेचे दार उघडे असावे. आजचा १७ नंबरचा अर्ज हा त्या मागणीचा दूरचा नातू आहे. दुर्दैव असे, की वर्गाबाहेरच्याला आत घेण्यासाठी असलेला तो अर्ज वर्गातल्याला बाहेर काढण्यासाठीही वापरला जातो. ‘याला सतरा नंबरने बसवा, आपल्या पटावर नको,’ हे वाक्य आम्ही स्वतः ऐकले आहे.

बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ मध्ये केली आणि १९२५ मध्ये सोलापुरात सभेचे वसतिगृह निघाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आमच्यासारख्या निवासी विद्यालयाचे कूळ येथे आहे. जेवण आणि छप्पर देणे एवढेच वसतिगृहाचे काम नव्हे. घर ज्या वेळा देऊ शकत नाही त्या वेळा देणे हे त्याचे खरे काम आहे.

आमच्या विद्यालयात तो प्रयत्न कसा चालतो, हे थोडे सांगतो. शासनाचे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीच्या सुटीने दुभंगते. उसाचे वर्ष दिवाळीला उगवते आणि मार्च-एप्रिलमध्ये मावळते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील तोडणी कुटुंबांच्या मुलांसाठी प्रथम सत्र हेच काय ते भरवशाचे असते. म्हणून गणित आणि भाषा यांच्या जादा तासिका आम्ही जुलै ते सप्टेंबर या काळात ठेवतो. स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा यांना दुसऱ्या सत्रात ढकलतो. दिवाळीची सुटी ही आमची सर्वांत अवघड तारीख. मूल गावी गेले आणि घरासमोर टोळीची गाडी उभी असली, की ते परत येईलच असे नाही. म्हणून सुटी संपण्याआधीच दोन शिक्षक त्या गावांत जाऊन येतात. हे कोणत्याही परिपत्रकात नाही, आणि त्याचा प्रवासखर्चही मिळत नाही. जाता जाता मंडळाच्या एका बदलाचे मात्र कौतुक केले पाहिजे. पूर्वी मार्चमध्ये अनुत्तीर्ण झालेल्यांची फेरपरीक्षा ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी टोळ्या निघण्याच्या तोंडावर येई आणि उत्तीर्ण झाला तरी मुलाचे वर्ष जाई. २०१५ पासून ती जुलैत होऊ लागली. जुलैत आमच्या मुलांचे आई-वडील गावी असतात. निर्णय घेणाऱ्यांच्या मनात ऊसतोड कामगार होते असे आम्हाला वाटत नाही, पण लाभ त्यांच्या मुलांना झाला.

सकाळच्या वंदनेनंतर मुलांना एखादी कथा सांगण्याचा प्रघात आहे. आमची पाळी आली की आम्ही चूळपंथकाची कथा सांगतो. थोरला भाऊ महापंथक भिक्खू होता, विद्वान होता. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढची ओळ शिकावी तर मागची जाई. भावाने त्याला सांगितले, तुझा येथे उपयोग नाही, विहार सोडून जा. जीवकाने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले तेव्हा व्यवस्था महापंथकाकडे होती. त्याने धाकट्याला मोजलेच नाही. दाराशी रडत उभ्या असलेल्या चूळपंथकाला बुद्धांनी परत आणले, पण ती गाथा माफ केली, असे नाही. त्याला एक स्वच्छ फडके दिले आणि ते हाताने चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता फडके मळत गेले आणि पाठांतराने जे कळत नव्हते ते त्याला त्यातून कळले. या कथेत मुलांना फडके आवडते. आम्हाला महापंथक आठवत राहतो. तो दुष्ट नव्हता. त्याला संघाचा निकाल चांगला लागायला हवा होता.

आता समोरच्या गठ्ठ्याकडे येतो. यंदा नववीत तीन नावे अशी आहेत की ज्यांच्या रकान्यात काय लिहावे याचा निर्णय उद्याच्या सभेत व्हायचा आहे. त्यांतील एक मुलगी शेवगाव तालुक्यातील आहे. जानेवारीत कोपीवर तिच्या आईची प्रसूती झाली. बाळ सांभाळायला कोणी नव्हते म्हणून वडील येऊन हिला वसतिगृहातून घेऊन गेले. ती सात आठवड्यांनी परतली. समाजशास्त्रात तिला शंभरापैकी २७ गुण आहेत. वीसपैकी ११ अंतर्गत गुण आम्हीच दिलेले आहेत. त्या ११ चे १९ केले की बेरीज ३५ होते. एका फटकाऱ्याचे काम आहे, आणि असे फटकारे सगळीकडे मारले जातात.

परवा तिची आई येऊन गेली. कडेवर तेच तीन महिन्यांचे बाळ होते. म्हणाली, “सर, पोरीला मागं ठेवू नका. मागं राहिली तर घरची माणसं सोयरीक बघत्यात.” आम्ही तिला बसवले, चहा सांगितला आणि तुमच्या मुलीचे काही वाईट होऊ देणार नाही, एवढेच बोललो. आठ गुणांचे काय करायचे ते तिला सांगण्याइतके आमचेच ठरले नव्हते.

रात्री विचार केला तेव्हा ठरले. ११ चे १९ करायचे नाहीत. ती दहावीत जाईल, पण नववीच्या पुस्तकातले तिला खरोखर सांगता येईल तेव्हा जाईल. आणि ते मे महिन्यात होऊ शकते. निकालपत्रकावर तिघांच्या शेऱ्याचा रकाना १ मे रोजी कोरा ठेवावा आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुनर्परीक्षा घेऊन भरावा, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. गणिताच्या सरांनी सुटीतले वीस दिवस द्यायचे कबूल केले आहे. इंग्रजीच्या बाईंच्या घरी लग्नकार्य आहे, तरी त्या दहा दिवस येतील. मुलगी राहणार म्हणून अधीक्षिकांनीही गावी जाणे पुढे ढकलले आहे. सभेत विरोध होईल. दहावीचा पट आणि फलक यांचा हिशेब आमच्याकडेही मांडणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. निकाल घसरला की पुढल्या वर्षीचा प्रवेश घसरतो, हे आम्हालाही कळते.

अडचण एकच उरली आहे. मे महिन्यात आपले भोजनगृह बंद असते. तिघा विद्यार्थ्यांच्या आणि अधीक्षिकांच्या वीस दिवसांच्या शिध्याचा खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा, हे लेखनिकांना विचारून आम्ही एक कागद तयार केला आहे आणि उद्याच्या कामकाजात तो निकालपत्रकाच्याही वर ठेवला आहे.